वेष्टनावरच्या खुणा : कोणी काढल्या, कोणासाठी?

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे खारघर वसाहतीला लागून असलेले गाव. १७ नोव्हेंबर २०२३ पासून नवी मुंबई मेट्रोवर या गावाच्या नावाचे एक स्थानकही आहे. शहराने वेढलेल्या कोणत्याही गावासारखेच हे गाव. येथील एखाद्या घरातला एका दिवसाचा सुका कचरा वर्तमानपत्रावर मांडला, तर त्यात बहुधा पुढील वस्तू सापडतील : पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, वेफर्सचे पाकीट, शाम्पूची बाटली, पुठ्ठ्याचा एखादा खोका आणि कधीतरी बिघडलेला मोबाइलचा चार्जर.

या वस्तू उलटसुलट करून पाहिल्या, तर त्यांच्यावर लहानलहान खुणा दिसतात. कोठे एकामागोमाग धावणारे तीन बाण, कोठे त्रिकोणात १ किंवा ५ असा आकडा, कोठे हिरवा ठिपका, कोठे फुली मारलेली कचऱ्याची पेटी, तर कोठे ‘इतके मायक्रॉन’ अशी बारीक अक्षरे. मुले विचारतात, “सर, त्रिकोण आहे म्हणजे याचे पुन्हा प्लास्टिक होते ना?” आपण घाईत “हो” म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे नुसत्या तक्त्यावरून समजत नाही. त्यासाठी या खुणांचा इतिहास पाहावा लागतो. प्रत्येक खूण कोणीतरी, कोणत्या तरी वेळी, कोणाला तरी उद्देशून काढलेली आहे. कारखानदाराने कारखानदारासाठी काढलेली खूण ग्राहक स्वतःसाठी म्हणून वाचू लागला, की गोंधळ होतो.

खुणांची गरज नव्हती तेव्हा

वस्तू परत वापरण्याची रीत खुणांच्या पुष्कळ आधीची आहे. रद्दीवाला, भंगारवाला, बाटलीवाला हे आपल्याकडचे जुने व्यवसाय. वाणी जुन्या वर्तमानपत्राची पुडी बांधून देई आणि त्या पुडीवर कोणतीच खूण लागत नसे. गोटी सोड्याची बाटली दुकानातच उभे राहून रिकामी करायची आणि परत द्यायची. १९५० च्या दशकापासून मुंबईत आरे योजनेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळू लागले. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर नेली, की भरलेली मिळे. बाटली परत गेली नाही तर दुसऱ्या दिवशीच्या दुधाची पंचाईत होई.

या सर्व उदाहरणांत वस्तू परत जाण्याचे कारण स्पष्ट होते. तिला किंमत होती आणि ती घेणारा माणूस ठरलेला होता. वेष्टन स्वस्त झाले, हलके झाले आणि ते परत घेणारा कोणी उरला नाही, तेव्हा खुणा आल्या. ही गोष्ट मनात ठेवून आता पुढे जाऊ.

१९७० : तीन बाण

२२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. सुमारे दोन कोटी लोकांनी त्यात भाग घेतला असे सांगतात. त्याच सुमारास ‘कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ या पुठ्ठ्याचे खोके बनविणाऱ्या मोठ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा ठेवली. ही कंपनी जुना कागद मोठ्या प्रमाणावर वापरीत असे. असा कागद वापरून केलेल्या मालावर छापण्यासाठी तिला एक चिन्ह हवे होते. पाचशेहून अधिक चित्रे आली. त्यांतून गॅरी अँडरसन या २३ वर्षांच्या, वास्तुकला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे चित्र निवडले गेले. तो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता.

अँडरसनने कागदाच्या दुमडलेल्या पट्टीसारखे दिसणारे तीन बाण एकामागोमाग ठेवले. मोबियसच्या पट्टीचा त्याच्यावर प्रभाव होता. कागदाची लांब पट्टी घ्यावी, एका टोकाला अर्धा पीळ द्यावा आणि दोन्ही टोके चिकटवावीत. आता पट्टीच्या मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत गेले, की पेन्सिल न उचलता दोन्ही बाजूंवर रेघ उमटते आणि आपण निघालो तेथेच परत येतो. म्हणजे या पट्टीला एकच बाजू आहे! मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांना १८५८ मध्ये स्वतंत्रपणे ही पट्टी सुचली. भूमितीच्या तासाला हा प्रयोग पाच मिनिटांत होतो आणि चिन्ह त्याच दिवशी मुलांच्या लक्षात राहते.

या जन्मकथेतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, हे चिन्ह कागदासाठी काढले होते. कागदाचा लगदा करून पुन्हा कागद करता येतो, तेव्हा चक्राचे चित्र त्याला शोभत होते. दुसरी, या चिन्हावर कंपनीची मालकी टिकली नाही, ते सर्वांचे झाले. त्यामुळे ते जगभर पसरले, पण ते कोणी आणि कोणत्या मालावर छापावे यावर कोणाचाच ताबा राहिला नाही. ‘या वस्तूचे पुनर्चक्रण होऊ शकते’ आणि ‘ही वस्तू पुनर्चक्रित मालापासून केली आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. चिन्हाच्या आत किंवा शेजारी टक्केवारी दिली असेल, तर त्या वस्तूत तितका पुनर्चक्रित माल आहे असा अर्थ होतो. नुसते बाण असले, तर फार तर ‘होऊ शकते’ एवढेच समजावे.

त्याच वर्षी, १७ मार्च १९७० रोजी, मुंबईला पर्यायी शहर वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईची आखणी झाली. आज बेलपाड्याच्या भोवती जे शहर आहे आणि त्या शहराच्या पाकिटांवर जे बाण आहेत, त्या दोहोंचे आरंभवर्ष असे एकच आहे.

१९८८ : त्रिकोणातला आकडा

अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये एक सांकेतिक पद्धत सुरू केली. तीन बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा आणि खाली प्लास्टिकचे आद्याक्षरी नाव. हेतू साधा होता. वेगवेगळ्या जातींची प्लास्टिके एकत्र वितळवली, तर माल बिघडतो. वर्गवारी करणाऱ्या कामगाराला जात पटकन ओळखता यावी, म्हणून आकडा. अमेरिकेतील अनेक राज्यांनी तो कायद्याने सक्तीचा केला आणि तेथून तो जगभर पोहोचला.

आकड्यांचे अर्थ असे : १ म्हणजे पेट, अर्थात पॉलिएथिलीन टेरेफ्थलेट; पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या याच्या असतात. २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथीन. शाम्पूच्या बाटल्या, डबे, कॅन. ३ म्हणजे पीव्हीसी; पाइप, काही वेष्टने. ४ म्हणजे कमी घनतेचे पॉलिथीन. पिशव्या, दुधाच्या थैल्या. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बाटल्यांची झाकणे, जेवणाचे डबे. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्मोकोल याचेच. आणि ७ म्हणजे ‘इतर’, यात वरील सहांत न बसणारे सर्व काही आले.

आता घोटाळा कोठे झाला ते पाहा. आकडा कामगारासाठी होता, पण त्याच्याभोवती घातलेले बाण लोकांच्या ओळखीचे होते. १८ वर्षे लोक त्या बाणांचा अर्थ ‘याचे पुनर्चक्रण होते’ असा घेत आले होते. त्यामुळे ६ आणि ७ क्रमांकांच्या वस्तूही, ज्या बहुतेक ठिकाणी कोणी विकत घेत नाही, लोकांना ‘चांगल्या’ वाटू लागल्या. काहींना तर १ ते ७ हे दर्जाचे क्रमांकच वाटले. आकडा केवळ जात सांगतो. तो गुण सांगत नाही आणि वस्तूचे पुढे काय होईल तेही सांगत नाही.

ही चूक दुरुस्त करायला २५ वर्षे लागली. २०१३ मध्ये या पद्धतीचे मानक सांभाळणाऱ्या अमेरिकी संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठेवला. परंतु जुने साचे कारखान्यांत वर्षानुवर्षे चालतात, म्हणून बाणांचा त्रिकोण आजही दिसतो. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला : ज्या वस्तूचे प्रत्यक्षात पुनर्चक्रण होत नाही, तिच्यावर हे बाण छापणे ही दिशाभूल समजावी.

वेफर्सच्या पाकिटाचे उदाहरण घेऊ. आतून ते चांदीसारखे चमकते. प्लास्टिकचे एकाहून अधिक पापुद्रे आणि अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप एकमेकांना घट्ट चिकटवून ते केलेले असते. त्यामुळे हवा आणि दमटपणा आत शिरत नाही, वेफर्स कुरकुरीत राहतात. पण तेच पापुद्रे पुन्हा वेगळे करणे फार अवघड. ज्या गुणासाठी पाकीट तसे केले, तोच गुण त्याच्या पुनर्चक्रणाच्या आड येतो. त्यावर कोणतीही खूण छापली, तरी हे बदलत नाही.

दोन हिरवे ठिपके

जर्मनीत १९७८ मध्ये ‘निळा देवदूत’ हे चिन्ह सुरू झाले. सरकारने पुरस्कृत केलेले पर्यावरणाचे ते पहिले चिन्ह. एखाद्या प्रकारच्या मालांत जो माल पर्यावरणाला कमी उपद्रव देतो, त्याला तपासणीनंतर ते मिळते. पुढे १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टनांचा कायदा केला आणि रिकामे वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. त्यासाठी उद्योगांनी जी व्यवस्था उभी केली, तिचे चिन्ह म्हणजे ‘हिरवा ठिपका’ : एका वर्तुळात एकमेकांत गुंफलेले दोन बाण.

परदेशातून आलेल्या चॉकलेटच्या डब्यावर हे चिन्ह पुष्कळदा दिसते. त्याचा अर्थ इतकाच, की उत्पादकाने त्या देशातील वेष्टने गोळा करण्याच्या व्यवस्थेला आपला वाटा भरला आहे. डब्याचे पुनर्चक्रण होते, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ती व्यवस्था तेथली. तोच डबा पनवेलच्या दुकानातून घरी आला, तर त्या भरलेल्या पैशाचा येथील कचरागाडीला काहीच उपयोग नसतो.

आपल्याकडचा हिरवा ठिपका निराळाच. हिरव्या चौकटीतील हिरवा गोल म्हणजे शाकाहारी पदार्थ. ही पद्धत २००१ मध्ये सुरू झाली. मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी गोल होता, २०२० च्या नियमांनी त्याऐवजी तपकिरी त्रिकोण आला. या खुणेचा पर्यावरणाशी संबंध नाही, पण तिच्यापासून शिकण्यासारखे आहे. ती ग्राहकासाठीच काढली, तिचा अर्थ एकच आहे, ती कायद्याने सक्तीची आहे आणि खोटी ठरली तर जाब कोणाला विचारायचा ते ठरलेले आहे. म्हणूनच लहान मूलही ती अचूक वाचते.

मडक्याचे चिन्ह

भारत सरकारने फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. चिन्ह निवडले मातीच्या मडक्याचे. मडके मातीचे असते, ते घडवायला ऊर्जा थोडी लागते, त्यातून घातक कचरा निघत नाही आणि फुटले तर ते मातीतच जाते. आपल्या लोकांना समजेल असे याहून चांगले चित्र सापडणे कठीण. साबण, कागद, रंग, वेष्टने, बॅटऱ्या अशा १६ प्रकारच्या वस्तूंसाठी निकष ठरविण्याचे काम झाले. प्रमाणपत्र देण्याचे काम भारतीय मानक संस्थेकडे होते.

आपण किंवा आपल्या विद्यार्थ्यांनी हे मडके कोणत्या वस्तूवर पाहिले आहे का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. योजना ऐच्छिक होती. वस्तूने पर्यावरणाच्या निकषांबरोबर दर्जाचे मानकही पाळावे अशी अट होती, तपासणीचा खर्च होता, आणि दुकानात कोणी ‘मडक्याचा साबण द्या’ असे मागत नव्हते. त्यामुळे फारच थोड्या कंपन्या पुढे आल्या. विचारपूर्वक काढलेली खूणसुद्धा मागणारा नसेल, तर कागदावरच राहते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने या योजनेसाठी नवे नियम काढले. या वेळी मडके दुकानापर्यंत पोहोचते का, ते मागणाऱ्यांवरही अवलंबून राहील.

महापूर आणि मायक्रॉन

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसांत राज्यात हजाराहून अधिक माणसे दगावली. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. मुंबई बुडण्याची कारणे अनेक होती : भरतीची वेळ, अरुंद झालेली मिठी नदी, जुनी गटारे, भराव. त्यांत गटारे तुंबविणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. सर्व दोष पिशव्यांवर टाकणे बरोबर नाही, पण त्या प्रसंगाने पिशव्यांचा प्रश्न राज्याच्या पुढे आणला. २००६ मध्ये महाराष्ट्राने नियम केला : पिशवीची जाडी किमान ५० मायक्रॉन हवी. देशाचा १९९९ चा नियम तोवर २० मायक्रॉनचा होता.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी वाढवली, तर प्लास्टिक जास्तच वापरले जाईल, मग हा नियम कशासाठी? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर एका गणितात आहे.

३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशी पिशवी घ्या. दोन बाजू मिळून क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर. जाडी २० मायक्रॉन, म्हणजे ०.००२ सेंटिमीटर. घनफळ ४.८ घन सेंटिमीटर. या प्लास्टिकची घनता सुमारे ०.९२ धरली, तर वजन साधारण ४.४ ग्रॅम. एक किलो भरायला सव्वादोनशेहून अधिक पिशव्या वेचाव्या लागतील! ५० मायक्रॉनची तीच पिशवी ११ ग्रॅम भरते, म्हणजे किलोला सुमारे ९०. आणि १२० मायक्रॉनची भरते २६.५ ग्रॅम, म्हणजे किलोला ३८.

कचरा वेचणाऱ्या बाईला पैसे वजनावर मिळतात. सव्वादोनशे वेळा वाकून एक किलो होणार असेल, तर ती पिशवी तेथेच राहील आणि पावसाच्या पाण्याबरोबर गटारात जाईल. जाड पिशवी वेचणे परवडते. शिवाय ती महाग पडते, म्हणून दुकानदार फुकट वाटत नाही. पिशवीवर छापलेला मायक्रॉनचा आकडा हा असा भंगाराच्या काट्याला उद्देशून आहे. देशात ही मर्यादा २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. प्लास्टिकच्या हाती धरण्याच्या पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे-पेले यांवर बंदी आली. दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण रिकामी पिशवी परत घेण्याची किमान ५० पैसे किंमत तिच्यावर छापावी अशी अट घातली. आरेच्या काचेच्या बाटलीचाच हा नवा अवतार म्हणता येईल. फरक एवढाच, की बाटली परत घेणारे केंद्र कोपऱ्यावर होते. पन्नास पैसे छापलेली पिशवी आपल्या गल्लीत नेमकी कोण परत घेतो, हे मुलांनी स्वतः विचारून पाहावे. खरी परीक्षा तेथे आहे.

नकाराच्या खुणा

आतापर्यंत पाहिलेल्या खुणा बहुधा वस्तूचे चांगले सांगतात. काही खुणा मात्र ‘असे करू नका’ म्हणतात. चार्जरवरची फुली मारलेली कचरापेटी ही त्यांपैकी एक. युरोपातून ती सर्वत्र गेली. भारतात २०११ चे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, तेव्हापासून ती येथेही छापली जाते. अर्थ असा, की ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण तिच्यात शिशासारखे घातक पदार्थ असू शकतात. त्याचबरोबर परत मिळविण्याजोगे तांबेही असते.

दुसरी खूण कोणत्याही कारखान्यात छापली जात नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. या कामात बहुसंख्येने स्त्रिया आहेत. घरोघरचा कचरा हातांनी निवडताना वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडेच हाती येत. यातून ‘लाल ठिपका’ मोहीम निघाली : अशी वस्तू कागदात गुंडाळा आणि पुडीवर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला, की पुडी न उघडता वेगळी ठेवता येते.

आपण पाहिलेल्या सगळ्या खुणांत ही सर्वांत साधी. तिला प्रमाणपत्र नाही, छपाई नाही, एक लाल पेन पुरते. पण ती ज्या माणसाच्या हातात कचरा जातो, त्याच्या गरजेतून आली, म्हणून तिचा अर्थ निसटत नाही. घरातल्या माणसाने ती काढली, तर खालच्या माणसाचा हात वाचतो.

वर्गात करण्याजोगे

धारावीत किंवा कोणत्याही भंगाराच्या गोदामात प्लास्टिक निवडणारे कामगार त्रिकोणातला आकडा क्वचितच शोधतात. ते वस्तू वाकवतात, तिचा आवाज ऐकतात, पाण्यात टाकतात. यातला पाण्याचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. पाण्याची बाटली आणि तिचे झाकण यांचे लहान तुकडे करून स्वच्छ धुवावेत. एका भांड्यात साधे पाणी, दुसऱ्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत मीठ घातलेले पाणी घ्यावे. हवेचे बुडबुडे चिकटू नयेत म्हणून दोन्हींत साबणाचा एक थेंब टाकावा. झाकणाचे तुकडे (घनता सुमारे ०.९ ते ०.९५) दोन्हींत तरंगतील. बाटलीचे तुकडे (सुमारे १.३८) दोन्हींत बुडतील. पॉलिस्टायरीनच्या कडक पेल्याचा तुकडा (सुमारे १.०५) साध्या पाण्यात बुडेल आणि मिठाच्या पाण्यात तरंगेल. थर्मोकोल मात्र घेऊ नये, त्यात हवा भरलेली असते. जाळून पाहण्याची पद्धत मुलांना मुळीच करू देऊ नये. पीव्हीसी जळताना घातक वायू निघतो.

यानंतर मुलांनी घरून आणलेल्या वेष्टनांवर एकेका खुणेसाठी चार प्रश्न विचारावेत. ही खूण कोणी काढली? ती कोणी वाचावी म्हणून काढली? ती खोटी ठरली, तर जाब कोण देईल? आणि वस्तू रिकामी झाल्यावर आपल्या गावात ती कोण उचलतो?

‘पर्यावरणस्नेही’, ‘निसर्गाचा मित्र’ अशी नुसती विशेषणे या प्रश्नांपुढे टिकत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. असे शब्द छापणाऱ्याने त्यांना पुरावा द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे तिसरा प्रश्न विचारण्याचा आपल्याला आता अधिकृत आधार आहे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते. त्यासाठी मुलांना भंगाराच्या दुकानात जाऊन विचारावे लागेल, की आज काय भावाने घेता आणि काय घेत नाही. बेलपाड्यात जी उत्तरे मिळतील, ती पुण्यात किंवा सावंतवाडीत मिळतीलच असे नाही. आपल्या गावाची अशी यादी वर्गाच्या भिंतीवर लावावी. मग पुढच्या वेळी एखादे मूल बाटली पुढे करून “याचे पुन्हा प्लास्टिक होते ना?” असे विचारील, तेव्हा आपल्याला खरे उत्तर देता येईल : “होऊ शकते. ही बाटली आपल्या गावात घेतात. हे वेफर्सचे पाकीट मात्र कोणी घेत नाही.”